महादूचा दम

सोलापूरच्या स्टँडवरून वेळापूरची एसटी सुटली, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त तिथलं जुनं देऊळ होतं. पुण्याच्या एका दवाखान्यात मी वर्षभर लोकांचं रक्त तपासतो. रजेत तरी दगड बघावेत, म्हणून निघालो होतो.

शेजारी एक दांडगा तरुण बसला होता. देह पहाडासारखा, आवाज मात्र लाजरा. नाव महादू. वेळापूरच्या जत्रेत त्याची कुस्ती होती.

"आज मारली की वस्ताद (तालमीतले गुरू) मला कोल्हापूरला मोठ्या तालमीत धाडनार हायत," तो म्हणाला.

समोरच्या दांडीवरची त्याची नखं पांढरीफटक होती. रजेवर असलो तरी नखांवरून रक्त जोखायची माझी खोड काही जात नाही.

दुष्काळ सरला होता आणि पंढरपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस पुन्हा उभा दिसत होता. तिथंच गाडी बंद पडली. कंडक्टरने सगळ्या पुरुषांना खाली उतरवलं.

"पैलवान हाय की आपल्यात! लावा जोर!" कुणीतरी ओरडलं. थोडं ढकलून होतंय तोच पैलवानच रस्त्याकडेला बसला. छाती भात्यासारखी हलत होती. लोक हसले. मला काही हसू आलं नाही.

"आजारी होतास का रे?"

"न्हाय. ऊन लई हाय."

वेळापूरचं देऊळ देखणं आहे, पण खरं सांगतो, माझं लक्ष लागेना. लिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. सोबत आलेला महादू नुसतं पाणी पीत राहिला.

दुपारी जत्रेच्या आखाड्यात हलगी कडाडली. पहिल्या झटापटीत महादूने समोरच्याला उचललंसुद्धा. मग हळूहळू त्याचे हात सैल पडले, तोंड उघडं पडलं आणि पाठ मातीला लागली.

वस्ताद आखाड्यात धावले. "माझं दूध, माझं बदाम कुटं घातलंस रं?" भरल्या जत्रेत ते ओरडत होते. महादू मान खाली घालून उभा. मला राहवेना. पुढे होऊन त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली.

"बघा, लाली आहे का? रक्तातलं हिमोग्लोबिन श्वासातला प्राणवायू हातापायांना पोचवतं. ते कमी झालं की अंग तसंच दिसतं, पण दम राहत नाही. याचं रक्त गेलंय."

"कुटं गेलं?"

"आक्काला दिलं," महादू म्हणाला. "सोलापूरच्या दवाखान्यात. बाळंतपनात लई रगत गेलं तिचं. माझं जुळलं. दोनदा दिलं, दुसऱ्या खेपंला हट्टानं."

"मला सांगायचं न्हाय व्हय? मोडली असती की कुस्ती."

"तुमी जत्रंवाल्यांना शब्द दिलावता, वस्ताद."

"आन् आक्का?"

"न्हाय ऱ्हायली. बाळबी."

वस्ताद तिथंच मातीत बसले. मग डोक्याचा फेटा सोडून त्याच्या पाठीवरची माती पुसू लागले.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं पुन्हा शेजारी होतो. मी त्याला समजावत होतो: पालेभाजी खा, कलेजी खा, डॉक्टर देतील त्या गोळ्या चुकवू नको. दोन-तीन महिन्यांत रक्त भरेल, दम परत येईल. पुढच्या वर्षी कोल्हापूरला धाडतो, असं वस्तादांनीही सांगितलंच होतं.

"भरंलच का?" त्याने विचारलं.

"नक्की भरेल."

त्याने आपल्या पांढऱ्या नखांवरून अंगठा फिरवला.

"पायरी चडताना दम लागतो, तवा थांबतो. वाटतं, माझं रगत आक्काजवळ हाय. तेवडंच माझं तिच्यासंगं गेलंय. भरलं म्हंजी तेबी संपलं की."

रोज मी लोकांच्या रक्ताचे आकडे लिहितो आणि ते वाढले की मनापासून आनंद होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वाटलं, याचा आकडा जरा सावकाश वाढू दे.