डाळिंबाच्या बागेतली माझी फौज

होटगीजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत पिठ्या ढेकूण, ती रस शोषणारी पांढरी कीड, शिरला, तेव्हा फळं लिंबाएवढी झाली होती. बाग काकूची, वर्षभराची मेहनतही तिचीच. पण शाळेत विज्ञान शिकवणारा मी छाती काढून पुढे झालो. "फवारणी बंद! याला खाणारे किडेच आणतो."

"आण की, मास्तर," काकू म्हणाली. "पुढच्या अवसेपतोर बघते. मग पंप माजा, आन् तुजं तोंड कायमचं बंद."

मी डबाभर मित्रकिडे आणले. लालसर डोक्याचे, काळेभोर, देखणे भुंगेरे! झाडाझाडापाशी झाकण उघडताना माझा चेहरा असा झाला होता की बायको म्हणाली, "अहो, किडे सोडताय की मुलीची पाठवणी करताय?"

पंधरवड्याने पाहतो तर फळांवर पांढरे, केसाळ, पिंजलेल्या कापसासारखे किडे फिरताहेत. पिठ्या ढेकणासारखेच, पण दुप्पट मोठे! काकूला दुःखापेक्षा आनंदच जास्त झाला. "मास्तर, तुज्या फौजेनं ढेकूण खाल्ला न्हाय, त्येला दूध पाजलंय की!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबणाचं पाणी आणि जुने टूथब्रश घेऊन आम्ही ओळी वाटून घेतल्या. बायको आणि मी झाडं घासत सुटलो. बांधाकडची ओळ काकूची. "झाली माजी," म्हणून ती लवकरच कडुलिंबाखाली जाऊन बसली.

दुपारी बायको ओरडली, "अहो, हा बघा, भावालाच खातोय!"

वाकून पाहिलं. एका केसाळ पांढऱ्याच्या तोंडात खराखुरा पिठ्या ढेकूण होता. अंडी, अळी, कोष, फुलपाखरू हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढतो. भुंगेऱ्यांच्याही अळ्या असतात आणि त्या आईबापांसारख्या दिसत नाहीत, हे फळ्यावरून बागेपर्यंत काही माझ्यासोबत आलं नव्हतं. आपलीच फौज आम्ही घासून धुऊन काढली होती!

आता उरलंय काय, म्हणून धावत काकूच्या ओळीत गेलो. तिथे झाडोझाडी पांढऱ्या अळ्या मजेत जेवत होत्या. एकीलाही ब्रश लागलेला नव्हता.

"काकू, तू तर म्हणालीस झाली!"

"गुडगं दुकत्यात रं माजं. वाकू किती?"

त्याच ओळीतल्या अळ्या पानासकट उचलून आम्ही बागभर सोडल्या. अवस आली, तेव्हा ढेकूण शोधावा लागत होता. पंप गोठ्यातच राहिला.

आता बाग बघायला कुणी आलं की काकू सांगते, "मास्तर मारतच सुटला हुता. म्या राखली, म्हणून फौज वाचली."

आणि पैज जिंकूनही तोंड माझंच बंद.