कळ्यांचा फोटो

अमरावतीला विद्यापीठात शिकताना आम्हा प्रत्येकाला स्वतःचं साधं वेबपेज करायचं होतं. वर नाव, मध्ये एक फोटो, खाली चार ओळी. मला मूर्तिजापूरजवळच्या आमच्या मळ्यातल्या शेवंतीचा फोटो हवा होता, म्हणून मी गावी गेलो. शेवंती नुकतीच उमलायला लागली होती. बाबांनी माझ्या मोबाइलवर हात ठेवला.

"पयला तोडा देवीले जाऊ दे, मंग काढ फोटो."

आमच्याकडे देवीला वाहण्याआधी फुलाचा वासही घेत नाहीत. पण पेज सोमवारी द्यायचं होतं. मी तणतणत धुऱ्यावर, मळ्याच्या बांधावर, गेलो आणि कोपऱ्यातल्या नुसत्या कळ्यांचा फोटो काढला. त्यात कडेला पाण्याची नळी धरलेले बाबा पाठमोरे आले. खाली मी लिहिलं, 'फुलं आली की नवा फोटो टाकीन.'

पेज तपासून झालं आणि आमचे पासवर्ड बंद झाले. पेज मात्र अजून उघडतं. आता मळ्यात सोयाबीन असतं आणि बाबा नाहीत. अकोल्याच्या फ्लॅटमध्ये मी कधीकधी ते उघडून बसतो. शेवंती अजून कळीतच आहे. बाबा पाणी देत आहेत. ते मागे वळून "काढ आता" म्हणतील, म्हणून मी थांबतो.