जायच्या आधी पाहिलेला देश

माझ्या हाताखाली एक सौदी तरुण दिला गेला, तेव्हाच मला कळलं की आपले इथले दिवस भरले. रियाधच्या बँकेत स्थानिकांना घेण्याचा नियम कडक होत चालला होता. सहा महिन्यांत त्याला माझं काम शिकवायचं, मग माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपणार आणि आम्ही नवराबायको पुण्याला परतणार. मी शिकवत होतो, पण हात राखून. सिस्टिम अडली की ती कशी सोडवायची, हे अठरा वर्षांत गोळा केलेलं शहाणपण मी स्वतःजवळच ठेवलं होतं.

तो मँचेस्टरला शिकून आला होता. चहाच्या वेळी तिथल्याच गोष्टी सांगायचा. दगडी कमानींचं जुनं ग्रंथालय, जिथे आपोआप आवाज खाली येतो. कालव्याकाठच्या लाल विटांच्या गिरण्या. आगगाड्या नवीन होत्या तेव्हाचं जुनं स्टेशन.

"तू शिकायला गेला होतास की फिरायला?" मी एकदा चिडून विचारलं.

तो हसला. "पहिले तीन महिने मी खोली आणि कॉलेज सोडून काही पाहिलं नाही. मग घरमालक म्हणाला, माझ्या गावात येऊन तू असाच परत गेलास तर लाज मला वाटेल. म्हातारा दर शनिवारी मला घेऊन निघायचा." मग त्याने विचारलं, "तुम्ही इथे काय काय पाहिलंत?"

मी आठवू लागलो. ऑफिस, घर, बत्ह्याच्या बाजारातली दुकानं, विमानतळ.

"अठरा वर्षांत?" त्याचे कान लाल झाले होते.

त्याच शुक्रवारी सकाळी तो गाडी घेऊन दारात हजर. "यल्ला, चला लवकर, वहिनींना पण बोलवा." बायकोने घाईघाईत दशम्या बांधल्या. त्याचं आजोळ पूर्वेकडच्या हुफूफ शहरातलं, तीन-साडेतीन तासांच्या वाटेवर. तिथे पोचेपर्यंत गाडीबाहेर नुसती भट्टी होती. एका पिवळट डोंगरापाशी त्याने गाडी थांबवली. डोंगराला उभी चीर गेली होती. त्या चिरेत शिरलो आणि दहा पावलांत अंगावरचा घाम गार झाला.

दोन्ही बाजूंनी भिंती सरळ वर गेलेल्या. वाट एवढी अरुंद की हात पसरले तर दोन्हीकडे दगड लागावा. मान मागे टाकून पाहिलं, तर फार उंचावर उजेडाची एक रेघ. माझं तोंड उघडंच राहिलं. बायकोने माझी बाही घट्ट धरली होती.

"अहो," ती कुजबुजली, "हे इथे होतं?"

"लहानपणी दुपारी आम्ही इथे झोपायला यायचो," तो हळूच म्हणाला.

वर चढून गेलो, तर खाली नजर पोचेल तिथवर खजुराची झाडं. वाळवंटात इतकं हिरवं! बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तो तोंड फिरवून दुसरीकडे बघत उभा राहिला.

रविवारी ऑफिसात मी त्याला शेजारी बसवलं आणि राखून ठेवलेलं एकेक सांगायला लागलो.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नव्हतं म्हणून."

"ते कळत होतं मला," तो म्हणाला आणि वही काढली.

पुढे बरेच शुक्रवार असेच गेले. शेवटचा पश्चिमेकडच्या डोंगरातल्या ताइफचा, त्यासाठी आदल्या दिवशीच विमानाने गेलो होतो. डोंगरउतारावर पहाटे गुलाब खुडत होते, आणि वासाने अक्षरशः पाय थबकत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बायकोच्या ओंजळीत फुलं ओतली. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. विमान वर गेलं, तेव्हा आम्ही दोघं खिडकीला नाक लावून बसलो होतो. खालच्या वाळूतली एकेक रेघ ती मला बोटाने दाखवत होती.