टाकीतली चिवट जात

गोठा धुताना माझ्या हातून फिनेलची अख्खी बाटली सांडली आणि शेणाबरोबर गोबरगॅसच्या टाकीत गेली. चार दिवसांत शेगडी विझली.

"आतलं सगळं मेलं. टाकी बुजवू, सिलेंडर आणू," आमचे हे म्हणाले.

माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनताई, पदर खोचून उभ्या राहिल्या. "बुजवायची नाही, भावजी. एवढ्यात मरणारी जात नाही ती."

शेजाऱ्यांच्या चालू टाकीतली दोन बादल्या काळी स्लरी त्यांनी आणून ओतली. रोज थोडं ताजं शेण कालवून घालत राहिल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शेण कुजवणारे जिवाणू आणि त्यातून गॅस करणारे, त्यांच्याहून निराळे आर्किया मला पाठ आहेत. पृथ्वीवर श्वास घेण्याजोगी हवा नव्हती तेव्हापासून हे आर्किया जगत आलेत. त्यांना मी एका बाटलीनं संपवलं, हे मानायला मीही तयार नव्हते. पण बोलल्या त्या सुमनताई.

तीन आठवड्यांनी त्यांनी काडी ओढली. बर्नरवर निळी ज्योत फुलली. हे शेगडीजवळ येऊन वाकून बघू लागले.

"बसा भावजी," सुमनताई म्हणाल्या, "चहा ठेवते."