लिफ्ट नको, आम्ही चढून जाऊ

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं सांगता येईल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोला येऊन आम्हाला जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि माझ्या अंगात काटकसरीचं वारं शिरलेलं!

झालं असं, की ह्यांचे मित्र मोहनभावजी डिसेंबरात घरी आले आणि सोफ्यावर बसता बसता म्हणाले, "वहिनी, यंदा स्कीइंगचं काही जमत नाही. खोल्या महाग, बूट महाग, भाड्याचे स्की महाग. गेल्या वर्षी एवढ्यात दोन ट्रिपा झाल्या असत्या, यार!"

आमची बारा वर्षांची नीलू एकदम रडवेली. "बट आई, यू प्रॉमिस्ड!"

मी पदर खोचला. "द्या तो फोन नंबर. बिल निम्म्यावर आणून दाखवते."

विस्कॉन्सिनमधल्या त्या हॉटेलात फोनवर ब्रेंडा नावाची बाई होती. फार गोड बोलणारी. तीन घरं, अकरा माणसं, असं सांगितल्यावर तिने एकेक खर्च वाचायला घेतला. खोल्या. स्की. बूट. आणि मग म्हणाली, "लिफ्टचं तिकीट. माणशी, दर दिवसाचं."

लिफ्टला तिकीट? रोज? आता इथे लिफ्टला एलिव्हेटर म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, बिचारी माझे उच्चार ऐकून मुद्दाम आपला शब्द वापरतेय!

"एवढं महाग?" मी विचारलं.

"यंदा वाढलंय, मॅडम. नव्या खुर्च्या बसवल्यात ना."

लिफ्टमध्ये खुर्च्या! काय हे चोचले! "आम्हाला उभ्यानेसुद्धा चालेल हो. बरं, आमच्या खोल्या कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"मग लिफ्ट नकोच. सगळी तिकिटं कॅन्सल करा. आम्ही चढून जाऊ."

"चढून? दिवसातून किती वेळा?"

"लागेल तितक्या वेळा. दहा वेळा, बारा वेळा."

"अकराच्या अकरा?"

"माझ्या सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्याही चढतील. दम लागला तर मध्ये टेकतील."

"आणि स्की?"

"ते खाली ठेवू. कोण वर नेतंय!"

"मग खाली कसे येणार?"

"कसे म्हणजे? चालत!"

ब्रेंडाचा आवाज एकदम बदलला. आदरच आला त्यात. "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इंडिया."

"ओऽऽ! हिमालय!"

मी आपली "येस, येस" म्हणाले. हिमालय मी पाहिलेला तो कॅलेंडरवर. पण बिल खरंच निम्म्याच्या आसपास आलं होतं, आणि तीन घरांत माझा जो काही जयजयकार झाला, तो विचारू नका! मोहनभावजींनी तर माझ्यासाठी पेढ्यांचा डबा आणला, थेट डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून.

पोचलो. सामान खोल्यांत टाकून सगळे बूट चढवून खाली जमले. मोहनभावजींनी हात पुढे केला. "वहिनी, लिफ्टची तिकिटं?"

"ती कधीच कॅन्सल केली," मी ऐटीत म्हणाले. "दुसऱ्या मजल्यासाठी कशाला हवी लिफ्ट?"

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर अख्खा डोंगर. त्यावर जाड तार. तारेला टांगलेल्या खुर्च्या, आणि खुर्च्यांत बसून माणसं आरामात वर चाललेली.

"ती," भावजी म्हणाले, "लिफ्ट."

"आई," नीलू कुजबुजली, "व्हॉट डिड यू डू?"

मी खरं सांगणारच होते हो! पण तेवढ्यात काउंटरमागून एक बाई टाळ्या वाजवत आली. ब्रेंडा! सोबत मॅनेजर. त्याने थेट सासूबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "असं चढायला आम्ही कोणाला देत नाही. पण तुमच्यासाठी कडेने वाट मोकळी ठेवलीय!"

"काय म्हणतोय गं हा?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही डोंगर चढणार का, असं विचारतोय."

"मी? शैला, तुझं तू बघ बाई."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? माफी मागून मोकळे झाला असता. मी म्हणाले, "आधी मी एकटी चढते. बाकीचे मागून येतील." आणि निघाले!

दहा पावलं ठीक गेली. अकराव्याला पाय गुडघ्यापर्यंत आत. काढला, तर दुसरा आत. नाकातलं पाणी गोठलेलं, छातीचा भाता झालेला. आणि तेवढ्यात डोक्यावरून ओळखीचा आवाज आला.

"शैलाऽऽ! पाय भिजवू नकोस गंऽऽ!"

वर बघते तर खुर्चीत शाल गुंडाळून सासूबाई! शेजारी आमचे हे, खाली मान घालून. मी निघाल्याबरोबर ह्यांनी गुपचूप रांग लावून दहा तिकिटं काढली होती. ऐन वेळचा भाव, म्हणजे मी कॅन्सल केलेल्यांपेक्षाही महाग! मागच्या खुर्चीतून नीलू ओरडत होती, "गो आई, गो!" तिच्या मागे मोहनभावजी. हसून हसून त्यांची खुर्ची हलत होती.

अर्ध्यावर मी बर्फात बसले ती बसलेच. मग लाल जाकिटातले दोन धिप्पाड बचाववाले घसरगाडी घेऊन आले. मी "आय ॲम फाइन" म्हणेपर्यंत त्यांनी मला ब्लँकेटात गुंडाळून टाकलंसुद्धा.

त्या दिवशी मोहनभावजी सात वेळा आपटले, हे चार वेळा, नीलूने तर मोजणंच सोडलं. एकदाही न पडता तो डोंगर सुळकन उतरलेली आमच्यातली एकटी मीच. आडवी, पट्ट्यांनी बांधलेली, आणि खालून ब्रेंडा टाळ्या वाजवतेय!