सातची गाडी

आमच्या वाडीत घड्याळ बघून कोणी काम करत नाही. सकाळची एसटी खालच्या वळणावर हॉर्न देते तेव्हा सात वाजलेले असतात. तिला सगळे सातची गाडी म्हणतात. ती दहा मिनिटं उशिरा येवो नाहीतर अर्धा तास, तिचं नाव सातचीच. माझ्या घरात भिंतीवर घड्याळ होतं. मुलाने मुंबईहून आणलेलं. त्यातला सेल संपून वर्ष झालं होतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं.

नवऱ्याला पंधरा वर्षं साखरेचा आजार. सकाळी न्याहारीआधी पोटाला सुई टोचून घ्यायचे. दोनदा साखर उतरून पडले होते. पहिल्यांदा भातलावणीच्या दिवसांत, दुसऱ्यांदा एकादशीला. सुई घेतली आणि वर उपासही धरला. घाम फुटला, जीभ जड झाली, काहीतरी भलतंच बरळायला लागले. दोन्ही वेळेला मी साखरेचं पाणी पाजलं आणि पंधरा मिनिटांत उठून बसले. तेव्हापासून वाडीत माझं नाव झालं. कोणाला चक्कर आली की मला हाक मारायचे. मलाही ते आवडायचं. पुढे काय झालं त्याला हेही कारण आहे, म्हणून सांगते.

त्या दिवशी मी घरापुढच्या खळ्यात बसून बांगडे साफ करत होते. हे पडवीत चहा घेत होते. सुई घेऊन झाली होती, भाकरी अजून व्हायची होती.

"तिरफळं घाल चांगली," हे म्हणाले. "गेल्या वेळचं तिखलं म्हणजे नुसतं लाल पाणी."

"मग खायचं नव्हतं."

"न खाऊन सांगतो कोणाला?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्याच्या मागोमाग पडवीत कप फुटल्याचा आवाज आला.

मी वर पाहिलं. हे भिंतीला टेकून होते. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, चहा लुंगीवर सांडला होता. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. मी म्हटलं, काय झालं? त्यांनी काहीतरी आवाज काढला, त्यात शब्द नव्हता.

मला वाटलं, साखर उतरली. सुई घेतली होती, पोटात काही नव्हतं. दोनदा पाहिलेलं होतं. हात तसेच घेऊन आत धावले. पेल्यात तीन चमचे साखर ढवळली आणि तोंडाला लावली. अर्धं पाणी उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर आलं. उरलेल्याने ठसका लागला, डोळे पांढरे झाले. मी पाठ थोपटली आणि थोड्या वेळाने परत पाजलं. उठतील आता, म्हणून समोर बसून राहिले. घाम नव्हता. मागच्या दोन्ही वेळेला अंग घामाने भिजलं होतं, या वेळी कपाळ कोरडं. ते मी पाहिलं होतं. पाहिलं आणि तरी तिसऱ्यांदा साखर ढवळली.

किती वेळ गेला असेल? अर्धा तास तरी. शेवटी शेजारच्या चुलत दिरांना हाक मारली. ते आले, बघून म्हणाले, "वहिनी, वारं गेलंय अंगावरून. आशाताईला बोलावतो."

आशाताई म्हणजे सरकारी दवाखान्याची बाई, आमच्याच वाडीतली. ती मशीन घेऊन धावत आली. बोटाला टोचून पाहिलं. साखर दोनशेच्या वर.

"काय पाजलंत यांना?"

"साखरपाणी."

"किती?"

"तीन पेले."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "काकू, धड गिळता येत नाही त्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही," एवढंच म्हणाली. यांना डाव्या कुशीवर वळवलं, तोंड पुसलं आणि एकशे आठला फोन लावला.

आमचं घर वर आहे. रस्त्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, गाडी वर येत नाही. चार माणसांनी यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, माझ्या लुगड्याने खुर्चीला बांधलं आणि खाली नेलं. डोकं प्रत्येक पायरीला हलत होतं. मी मागून दोन्ही हातांनी ते धरून चालले. एक पायरी चुकले असते तर आम्ही सगळेच खाली गेलो असतो. रस्त्यावर पोचलो तर अँब्युलन्स अजून यायची होती. दीर उभ्या उभ्या शिव्या घालत होते. कोणाला ते कळत नव्हतं.

अँब्युलन्समधला डॉक्टर तरुण होता. नाकाला नळी लावली, हाताला सुई लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शेवटचं धड कधी बोलले?"

"गाडीच्या वेळेला."

"म्हणजे किती वाजता?"

"सातला," मी म्हटलं.

"सातला," दीर म्हणाले. "सातची गाडी वळणावर वाजली तेव्हाच. मी दात घासत होतो."

त्याने कागदावर सात लिहिलं. मी बघितलं लिहिताना. मला वाचता येतं, चौथीपर्यंत शाळा झाली आहे.

रत्नागिरी येईपर्यंत मी ह्यांचा डावा हात धरून बसले. ते हात दाबत होते. काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, "गप्प राहा, पोचू आता."

इस्पितळात यांना ढकलगाडीवरून डोक्याचा फोटो काढायला नेलं. आम्ही बाकावर बसलो. नंतर डॉक्टरीणबाई आल्या. लहान होत्या, माझ्या नातीएवढ्या, पण नीट बोलल्या. "आजी, मेंदूतली रक्ताची वाट गाठीने बंद झाली आहे. ती गाठ विरघळायचं इंजेक्शन असतं. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सात धरलं तर साडेअकराला वेळ संपली. आता पावणेबारा झालेत."

"मग उशिरा द्या."

"उशिरा दिलं तर डोक्यात रक्त फुटू शकतं. त्यात माणूस जातो."

त्या आत गेल्या. मी तोंडाला हात लावला आणि बांगड्याचा वास आला. सकाळपासून हात धड धुतलेच नव्हते.

तिथे बसल्या बसल्या मला हिशेब लागला. मासेवाली स्कूटरवरून येते, ती कधीच साडेसातच्या आत येत नाही. बंदरावरचा लिलाव उरकल्याशिवाय तिला मासे मिळत नाहीत. रोज गाडी जाते, मग ती येते. त्या दिवशी ती आधी आली. तिच्याशी मी भावावरून भांडले, बांगडे घेतले, विळी काढली, चार साफ केले, आणि मग हॉर्न वाजला. सात कसे वाजले असतील? आठ वाजून गेले असणार. गाडीला उशीर झाला होता.

मी उठून डॉक्टरीणबाईंच्या मागे आत गेले. नर्स अडवायला लागली, तिला बाजूला केलं.

"बाई, सात नव्हते. आठ वाजून दहा तरी झाले होते. गाडी उशिरा आली."

"कशावरून?"

"बांगड्यांवरून."

त्यांनी दिरांकडे पाहिलं. दीर मागोमाग आले होते. "वहिनी घाबरल्यात डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्ही इंजेक्शनचं बोललात ना, म्हणून आता आठ सांगतात. सातच. मी स्वतः ऐकली गाडी."

"तुम्ही घड्याळ बघितलंत?" मी विचारलं.

"सातच्या गाडीला घड्याळ कशाला बघायला हवं?"

"मासेवाली आधी आली होती, भावजी."

"मेली ती मासेवाली. यांच्या जिवाशी खेळताय तुम्ही. डोक्यात रक्त फुटलं तर पोराला काय सांगाल?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण कागदावर सात आहे आणि दोन माणसांनी सांगितलंय. मला पक्की वेळ द्या. आठ वाजून दहा खरं असेल, तर बारा चाळीसपर्यंत मी देऊ शकते. तयारी करून ठेवते."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. चालू होतं. बाराला पाच कमी.

मासेवालीला फोन लावला. ती स्कूटरवर असते, उचलत नाही. वाडीत आशाताईला लावला. ती म्हणाली, "काकू, मी आले तेव्हा पावणेनऊ झाले होते, पण आधीचं मी कसं सांगू?" त्याआधी अर्धाच तास गेला असेल असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पण अंदाजावर चालत नव्हतं. मग मला जाऊ आठवली, दिरांची बायको. ती त्याच गाडीने रत्नागिरीला बाजाराला आली होती.

"तिला लावा फोन," मी दिरांना म्हटलं.

"ती फोन बंद ठेवते. बॅटरी जाते म्हणते."

"लावा."

बंद होता. पुन्हा लावला, बंद. मी त्यांना सांगितलं, रिक्षाने मंडईत जाऊन शोधा. ते म्हणाले, एवढ्या बाजारात कुठे शोधू? मी म्हटलं, "बायको तुमची आहे, ती कुठे बसते ते मला विचारता?" मग ते गेले.

मी ह्यांच्याजवळ उभी राहिले. डावा डोळा माझ्यावर होता, उजवा अर्धा मिटलेला. त्यांना सगळं ऐकू येत होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सवाबारा झाले. बारा पंचवीस झाले. देवाला काही बोलले नाही. बोलायला सुचलं ते फक्त नर्सला, "तुमचं घड्याळ पुढे तर नाही ना?" ती म्हणाली, नाही आजी.

साडेबारा. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. बारा चाळीसला आल्या आणि घड्याळाखाली उभ्या राहिल्या.

एकला दहा कमी असताना दीर परत आले, एकटे. मंडईत सापडली नव्हती. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. जाऊ स्टँडवर होती. परतीच्या गाडीची वेळ बघायला फोन चालू केला होता.

"किती वाजता गाडी आली सकाळी?" दिरांनी विचारलं. फोनमधला तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"सकाळची? अहो, तासभर उभी होते थांब्यावर, पाय गेले माझे. टायर बसला होता म्हणे. तिकिटावर छापलंय बघा, आठ बारा. का? काय झालं?"

दिरांनी फोन कानावरून काढला. तो तसाच हातात, ती त्यातून हॅलो हॅलो करत होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. घड्याळाकडे पाहिलं. "आठ बारा धरलं तरी बारा बेचाळीस," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दिलं असतं तरी पूर्ण बरे झाले असते असं नाही, आजी." हे त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. मी तो हात काढला.

बारा दिवसांनी यांना घरी आणलं, त्याच पाखाडीने, त्याच खुर्चीतून. उजवा हात-पाय गेला तो गेला. बोलणं गेलं. "हां" एवढं येतं, हो म्हणायलाही तेच आणि नाही म्हणायलाही तेच. बांगडे चालतात, काटा काढून, कुस्करून. तिरफळं घालते. आवडतं की नाही कळत नाही.

दीर महिनाभर आमच्या पडवीत आले नाहीत. मग एक दिवस आले, बसले, म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी..."

"चहा घेणार?" मी विचारलं.

त्यांना मी माफ केलंय असं कोणी समजू नये. पण अँब्युलन्समध्ये पहिल्यांदा सात मीच म्हटलं होतं, आणि साखर तीनदा मीच ढवळली होती. त्यांच्या तोंडून ते ऐकून मी काय करणार होते?

घड्याळात सेल घातला आहे. सकाळी हॉर्न वाजला की मी बघते आणि ह्यांना सांगते. आज सात वीस. काल सातला पाच कमी होते. हे मान डावीकडे वळवून ऐकतात आणि हां म्हणतात. खाली पाखाडीवर बायका पिशव्या घेऊन पळत असतात, एकमेकींना ओरडतात, "चल गो, सातची आली!"