‘असंच’ चालणार नाही

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी निरवांगीच्या अलीकडच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवत होते. राहायला बारामतीला, नोकरी इंदापूर तालुक्यात. माझं बहुतेक वाचन त्या काळात एसटीच्या खिडकीत झालं, आणि रस्ता असा होता की प्रत्येक ओळ किमान दोनदा वाचावी लागे. त्यामुळे वाचलेलं लक्षात राहिलं.

एका जानेवारीत गावातल्या द्राक्ष बागायतदारांच्या संघाचे चेअरमन शाळेत आले. गाव त्यांना आबा म्हणायचं. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी ती नीट न्याहाळली. बहुधा आपल्या मापाची आहे का, हे पाहिलं असावं.

“बाई, पुढल्या म्हयन्यात गोरा पाव्हना येतोय. माल बघून विलायतेला न्यायचा का न्हाय ते ठरवनार. शेडातल्या बायकांना जरा इंग्लिश शिकवा.”

“किती शिकवू?”

“चार वाक्यं बास झाली. वेलकम सर. वुई आर हॅपी सर. थँक्यू सर. चौथं तुमी तुमच्या मनानं घाला.”

चौथं वाक्य मी माझ्या मनानं घातलं. आबांना ते बरेच दिवस पचलं नाही.

शेड म्हणजे पत्र्याची लांब खोली. तिथे सात बायका हातात कात्री घेऊन घडातले बारके, किडके मणी काढायच्या आणि घड खोक्यात लावायच्या. त्यांची मुख्य होती आक्का. चाळिशीची, चौथी शिकलेली. ती लग्न होऊन आली तेव्हा ते घर मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत होतं. शेवटचा कळप विकून सासऱ्यांनी विहीर पाडली आणि आक्कानं नवऱ्याच्या बरोबरीनं शेडच्या मागेच दीड एकर द्राक्ष लावली. त्या वर्षी तिच्या बागेला पहिला माल धरला होता. आजारी मेंढरू कळपात लांबून ओळखणारी तिची नजर खराब घड तसाच हेरायची. म्हणून आबांनीच तिला मुख्य केलं होतं. संघाचंही परदेशाचं ते पहिलंच वर्ष. पाहुण्यानं हो म्हटलं तर सगळ्या गावाची द्राक्षं बोटीत चढणार होती. नाही म्हटलं तर दरवर्षीसारखी टेम्पोत.

शाळा सुटल्यावर तासभर आमचा वर्ग भरायचा. पहिली तीन वाक्यं दोन दिवसांत पाठ झाली. तिसऱ्या दिवशी चौथ्याच्या जागी मी ‘व्हाय’ आणि ‘बिकॉज’ फळ्यावर लिहिलं आणि वर्गाचं गाडं अडलं.

यात इंग्रजीचा दोष नव्हता. आमच्या भागात ‘का’ हा प्रश्न वरून खाली विचारतात. सासू सुनेला विचारते, मास्तर पोराला विचारतो, फौजदार सगळ्यांना विचारतो. तोच खालून वर गेला की प्रश्न राहत नाही, उलट उत्तर होतं. पाहुण्याची तर बातच सोडा. घराबाहेर पडणाऱ्याला कुणी नुसतं ‘कुठं’ म्हटलं तरी तो चपला काढून परत ओट्यावर बसतो, घोटभर पाणी पितो आणि मगच निघतो. अशा मुलखात मी ‘का’ विचारायला शिकवत होते.

“बाई, ह्ये इचारायचं कुनाला?” एकीनं विचारलं.

“ज्याच्याकडं कारण असेल त्याला.”

“आन् त्यो म्हनला, आसंच, तर?”

“असंच हे कारण नव्हे. या वर्गात असंच चालणार नाही.”

हा नियम मी फळ्यावर लिहिला. त्यांना तो भाषेपेक्षा जास्त आवडला. दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला तर दारातच आक्का उभी. “टीचर, व्हाय लेट?” मी म्हणाले, “बिकॉज बस.” तिनं मागे वळून सगळ्यांना सांगितलं, “कारन हाय. येऊ द्या आत.”

शेडातला चहा नेहमी अगोड असायचा, ऊस चारी बाजूंनी अंगावर येत असूनही. “व्हाय टी नो शुगर?” असं कुणीतरी विचारलं की सहाजणी एका सुरात ओरडायच्या, “बिकॉज आबा!” एकीनं तर घरी प्रयोग केला. “धन्याला म्हनलं, व्हाय यू अँग्री? त्यो म्हनला, बिकॉज युवर व्हाय.” नवऱ्याला एवढं इंग्रजी आलं कुठून, याचा शोध घेतल्यावर कळलं की तो रोज तिला न्यायला अर्धा तास आधी यायचा आणि पत्र्याला कान लावून बसायचा. माझ्या सरकारी वर्गातली पोरं इतकं लक्ष कधी देत नव्हती.

पाहुणा यायच्या आदल्या दिवशी नमुन्याची चाळीस खोकी भरून तयार होती. आबा आले, एक घड उचलून उजेडात धरला आणि नाराज झाले. द्राक्षावर एक पांढरट, धुरकट थर असतो. बोट लावलं की पुसला जातो.

“ह्ये काय? फवारनीची पावडर ऱ्हायली वाटंल त्याला. ओल्या फडक्यानं पुसा समदं. चमाकलं पायजे.”

“आबा, ही फवारनीची न्हाय,” आक्का म्हणाली. “न फवारलेल्या येलावर बी आस्ती. मन्याच्या आतनंच येती. पुसायची कशापायी?”

“पाव्हना येतोय म्हनून.”

“ते म्हाईत हाय. पर—”

“चेअरमन तू का मी?”

हे कारण आहे की नाही, याची आमच्या वर्गात चर्चा झाली नव्हती. सातहीजणी पुसायला बसल्या. खरं सांगायचं तर पुसून झाल्यावर मलाही ती द्राक्षं सुंदर वाटली. काचेच्या गोट्यांसारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शेडासमोर कमान उभी राहिली, बँडवाले आले. पाहुणा पुण्याहून जीपनं आला; सोबत फक्त ड्रायव्हर. उन्हानं लाल झालेल्या त्या उंच माणसाला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. नारळाचं काय करायचं हे न कळल्यामुळे तो पुढचा अर्धा तास नारळ छातीशी धरूनच वावरला. मी इंग्रजीत स्वागतपत्र वाचलं. आबांनी ते मराठीत सांगितलं होतं आणि त्यात त्यांची स्वतःची ओळख पाहुण्याच्या ओळखीहून मोठी होती.

मग त्यानं पहिलं खोकं उघडलं. घड पाहिला, परत ठेवला, खोकं बाजूला सरकवलं. दुसरं, तिसरं, दहावं. सगळी बाजूला. शेवटी तो आबांकडे वळून म्हणाला, “नो. सॉरी.”

“थँक्यू सर,” आबा म्हणाले. टाळ्या वाजल्या.

सॉरी म्हणून टाळ्या मिळवणारा तो जगातला एकटाच असावा. आबांचा चेहरा उतरला होता, पण हात जोडलेलेच होते. बाकीचे बागायतदार माना हलवत होते. इतक्या लांबून आलेल्या माणसानं नाही म्हटलं, त्याला वर आणि ‘का’ विचारायचं? जेवणाची ताटं मांडा. आणि मी? इंग्रजी साहित्याची पदवीधर, हातात स्वागतपत्राची गुंडाळी, पाहुण्यापासून दोन हातांवर. मीही मान हलवत होते.

“सर.”

बायकांच्या रांगेतून आक्का पुढे आली होती. पदर डोक्यावर, हातात आदल्या दिवशीचं फडकं.

“सर, व्हाय?”

बँडवाल्यानं वाजवायला उचललेली सनई खाली ठेवली. “ए, पाव्हन्याला काय...” आबा कुजबुजले. पण पाहुण्याचा चेहरा मोकळा झाला होता. सकाळपासून त्याला कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी विचारत होतं. तो भराभर बोलू लागला.

“स्लो, सर,” आक्का म्हणाली.

तो थांबला. एक मणी घेऊन त्यानं त्यावर अंगठा फिरवला, मग तिच्या हातातल्या फडक्याकडे बोट केलं. “बिकॉज यू क्लीन.” पुसलेला माल बोटीत टिकत नाही आणि तिकडचं गिऱ्हाईक तो शिळा समजतं, एवढं त्यानं हातवाऱ्यांनी आणि तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. आक्कानं एकदाच आबांकडे पाहिलं. ते पाहणंच पुरेसं होतं.

“सर, यू कम.”

“अगं, तिकडचा रस्ता झाडल्याला न्हाय!” आबा म्हणाले. तोवर पाहुणा फेट्यासकट, नारळासकट तिच्या मागे निघाला होता. शेडाला वळसा घालून आम्ही सगळे तिच्या बागेत गेलो. मांडवाखाली घड लोंबत होते, धुरकट, कुणाचंही बोट न लागलेले. आक्कानं एक घड देठाला धरून कापला आणि देठाशीच धरून पुढे केला. पाहुण्यानंही तो देठालाच धरला. फिरवून पाहिला. एक मणी खाल्ला.

“यस,” तो म्हणाला. “दिस. यस.”

दुसरं कुणीही इथे थांबलं असतं. आक्का थांबली नाही.

“व्हाय यस?”

तो मोठ्यानं हसला. “बिकॉज नोबडी टच्ड.”

मग तो गावातल्या बाकीच्या बागाही बघत फिरला. घड अजून वेलावर होते, आणि वेलावरचं पुसायला आबांना वेळ मिळाला नव्हता. त्या वर्षी गावाची द्राक्षं बोटीत चढली. पहिलं खोकं आक्काच्या बागेतलं होतं. त्यावरचं लेबल चिकटवताना मी तिथे होते. इंग्रजीच्या शिक्षिकेला पुढे निकालाच्या टक्केवाऱ्या मिळतात, प्रमाणपत्रंही मिळतात. ती कुठे आहेत मला ठाऊक नाही. ते चिकटवलेलं लेबल मात्र जरा तिरकं बसलं होतं, हेसुद्धा आठवतं.

आबांनी नंतरच्या सभेत सांगितलं की संघानं पाहुण्याला कारण विचारलं. खोटं म्हणता येणार नाही; आक्का संघाचीच होती.

पण त्याच्याही आधी, पाहुणा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा शेवटचा वर्ग होता. मी तिचं कौतुक करायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला.

“टीचर, यू नो इंग्लिश. यू व्हाय नो टॉक?”

शेडात सहाजणी कात्र्या खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या. फळ्यावर नियम तसाच होता. मी दोन-तीन कारणं मनात जुळवून पाहिली: शिष्टाचार, आबांचा मान, माझा अधिकार नव्हता. सगळी मराठीत छान दिसली असती.

“बिकॉज,” मी म्हणाले, “आय वॉज अफ्रेड.”

शेवटचा शब्द आम्ही शिकलो नव्हतो. “म्हंजी?”

“भ्याले.”

आक्कानं क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं, आजारी घड ओळखताना पाहायची तसं. मग मान हलवली आणि कात्री उचलली.

“व्हय. ह्ये कारन हाय.”